‘व्हिडिओ बघितला, पण…’: ऑफिसच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमधल्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांचं निवारण

दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीचं टू-बी विवरण, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, पोर्टलवर येतं आणि 20 तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं कराचं विवरणपत्र, भरायचं असतं. कर सल्लागाराच्या ऑफिसात हे मधले दिवस नुसती धावपळ. खरेदीच्या नोंदीत असलेलं एखादं बिल टू-बीमध्ये दिसत नाही, एखाद्या पुरवठादाराने भलत्याच जीएसटी नंबरावर बिल टाकलेलं असतं. हे सगळं इचलकरंजीच्या नाहीतर जयसिंगपूरच्या अकाउंटंटला फोनवर समजावत बसण्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवलेलं बरं पडतं. माझं हे रोजचंच काम आहे. व्हिडिओ गेल्यावर उलट येणारे निरोपही आता पाठ झालेत. ‘मॅडम, आवाजच येत नाही.’ ‘आकडे वाचता येत नाहीत.’ ‘लिंक परवानगी मागतेय.’ आणि शेवटचा, ज्यावर कुठल्याही सेटिंगमध्ये इलाज नाही: ‘बघितला व्हिडिओ, पण नक्की करायचं काय?’

तुमचं ऑफिस हिशोबाचं असो, सॉफ्टवेअरचं असो की पतसंस्थेचं, तक्रारी ह्याच असतात. त्यांच्यामागची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक कारणं शोधता येतात.

पुन्हा रेकॉर्ड करण्याआधी हे करा

तक्रार आली की आपण लगेच नवं रेकॉर्डिंग करायला बसतो. सेटिंग तीच, माइक तोच, पाठवायची पद्धत तीच, मग दोषही तोच राहणार. आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर झालाय ते ठरवा.

तुमच्या मशीनवरची मूळ फाइल, जी अजून कुठेही चढवलेली नाही, ती उघडून चालवा. ऐकताना हेडफोन काढून साधा स्पीकर लावा. मूळ फाइलमध्येच आवाज नसेल किंवा अक्षरं पुसट असतील, तर दोष रेकॉर्डिंगचा. मूळ फाइल ठणठणीत असेल, तर समोरच्याला ज्या मार्गाने पाठवलीत त्याच मार्गाने ती स्वतःला पाठवा आणि फोनवर बघा. इथे बिघडलेली दिसली, तर दोष पाठवण्याच्या मार्गात. इथेही नीट चालली, तर अडचण समोरच्याच्या फोनमध्ये, प्लेअरमध्ये किंवा त्याने उघडलेल्या खात्यात आहे. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात आणि पुढचा अर्धा तास वाचतो.

‘आवाज येत नाही’

ह्या एका वाक्यात निरनिराळे बिघाड दडलेले असतात. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते: ‘माझं बोलणं ऐकू येत नाही, की कॉम्प्युटरमधला आवाज ऐकू येत नाही?’ रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने माइकचा आवाज आणि मशीनच्या आतला आवाज ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि एक चालू असली म्हणजे दुसरी चालू असतेच असं नाही.

विंडोज 11 मधल्या स्निपिंग टूलमध्ये माइक आणि सिस्टिमचा आवाज ह्यांची दोन वेगळी बटणं आहेत. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी दोन्हींकडे बघा. मॅकवर शिफ्ट-कमांड-5 दाबल्यावर जी पट्टी येते, तिच्यातल्या ऑप्शन्समध्ये माइक निवडावा लागतो. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधलं रेकॉर्डिंगचं बटण नुसतं टॅप न करता दाबून धरायचं, तेव्हा माइक चालू करायची जागा दिसते. अँड्रॉइड 11 पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर आला आहे. त्यात फोनचा आवाज, माइक की दोन्ही असं विचारलं जातं, तिथे दोन्ही निवडा. गूगल मीटवर क्रोमचा टॅब शेअर करत असाल, तर टॅबचा आवाज शेअर करण्याची खूण तिथेच असते. टॅबऐवजी नुसती विंडो शेअर केली, तर बहुतेक वेळा आवाजाचा पर्यायच दिसत नाही. झूममध्ये स्क्रीन शेअर करताना खालच्या कोपऱ्यात ‘शेअर साउंड’ची चौकट असते, ती रिकामी राहिली की तुम्ही लावलेली क्लिप समोरच्यांना मुकी दिसते.

बोलणं मुळीच येत नसेल, तर बहुधा भलताच माइक निवडलेला असतो. आपण वेबकॅम जोडतो, इअरफोन काढतो, मॉनिटरची वायर बदलतो आणि विंडोज आपल्या मनाने दुसरं उपकरण पकडतं. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये माइक ‘डिफॉल्ट’वर सोडू नका, नाव बघून निवडा. तरीही आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलत नसेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन उघडा. डेस्कटॉप प्रोग्रामना माइक वापरू देण्याचं एक वेगळं बटण तिथे अगदी खाली असतं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा बंद असतं, आणि तसं असेल तर आयटी विभागाला सांगण्यावाचून इलाज नाही.

ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक खास प्रकार. ओबीएसमध्ये आवाजाचे सहापर्यंत वेगळे ट्रॅक ठेवता येतात. माइक फक्त दुसऱ्या ट्रॅकवर गेला असेल, तर फाइलमध्ये तुमचं बोलणं असतं, पण साधा प्लेअर पहिलाच ट्रॅक वाजवतो. ‘मी रेकॉर्ड करताना पट्टी हलत होती हो!’ असं सांगणाऱ्याचं म्हणणं इथे खरंच असतं. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडा आणि माइक पहिल्या ट्रॅकवर आहे का ते बघा. आवाज एकाच कानात येत असेल, तर त्याच खिडकीत माइकसमोर ‘मोनो’ची खूण करा.

आता ज्या प्रकाराने मला सगळ्यात जास्त वेळा फोन येतो, तो. बोलणं ऐकू येतं, पण विहिरीतून आल्यासारखं. शब्द दबलेले, ‘स’ आणि ‘श’ सारखेच, आकड्यांत ‘सात’ की ‘साठ’ कळत नाही. हिशोबाच्या कामात ही गोष्ट फार घातक. अशा वेळी विचारा: ब्लूटूथचे इअरबड्स होते का? बहुधा उत्तर ‘हो’ असतं.

कारण असं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये नुसतं ऐकायचं असेल, तर हेडफोन एटूडीपी ह्या मोडमध्ये असतो आणि आवाज चांगला येतो. ह्या मोडमध्ये माइकची सोय नाही. तुम्ही माइक चालू केलात की हेडफोन हँड्स-फ्री मोडमध्ये जातो. हा मोड फोनवरच्या संभाषणासाठी बनलेला आहे. त्यात आवाज मोनो होतो आणि 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर नमुने घेतले जातात, एरवी रेकॉर्डिंगसाठी 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ वापरतात. आवाजातली वरची, धारदार बाजू ह्या कपातीत जाते, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजनं तिथेच राहतात. इअरबड्स महागाचे असले तरी जुन्या मोडमध्ये हे होणारच. नव्या एलई ऑडिओमध्ये ही अडचण दूर होते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि इअरबड्स दोन्ही त्या पिढीचे हवेत.

उपाय अगदी सोपा आहे: ऐकण्यासाठी इअरबड्स ठेवा, पण माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा. विंडोज 10 मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टीरिओचं आणि एक हँड्स-फ्रीचं, त्यातलं स्टीरिओचं घ्या. त्याहून चांगलं हवं असेल, तर फोनसोबत मिळायचा तसला वायरचा साधा इअरफोन जोडा. त्याचा माइक तोंडाजवळ असतो आणि पंख्याचा आवाज कमी येतो. ऑफिससाठी नवा माइक घ्यायचा का, असं विचारणाऱ्यांना मी आधी हा प्रयोग करायला सांगते.

आवाज बारीक येत असेल, तर ओबीएसच्या मिक्सरमध्ये बोलताना पट्टी पिवळ्या भागात, म्हणजे उणे 20 ते उणे 9 डेसिबलच्या मध्ये खेळायला हवी. तांबड्यात गेली की आवाज फाटण्याची भीती. विंडोजमध्ये आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. साउंडच्या जुन्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज 80 टक्के कमी करायचं, हे तिथे आधीपासून ठरवून ठेवलेलं असतं. कॉल चालू असताना एखादी क्लिप लावून रेकॉर्ड करत असाल, तर ‘डू नथिंग’ निवडा.

‘आकडे वाचता येत नाहीत’

ही तक्रार आली की लोक रेकॉर्डिंगची क्वालिटी वाढवायला धावतात. बहुतेक वेळा क्वालिटीचा काही दोष नसतो, अक्षर मुळातच लहान असतं.

हिशोब करून बघा. एक्सेलमध्ये 100 टक्क्यांवर एका ओळीची उंची 15 पॉइंट, म्हणजे 20 पिक्सेल असते. तुमची स्क्रीन 1920 बाय 1080 आहे आणि तुम्ही पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड केलीत. समोरचा माणूस ते फोन आडवा धरून बघतोय, तिथे चित्राची उंची साधारण 68 मिलिमीटर. म्हणजे एक्सेलची ती अख्खी ओळ त्याच्या डोळ्यांसमोर सव्वा मिलिमीटरची झाली, अक्षर त्याहूनही बारीक. फोन उभा धरला तर ओळ जेमतेम 0.7 मिलिमीटर. हे कितीही स्वच्छ रेकॉर्ड केलंत तरी वाचता येणार नाही.

आता रेकॉर्डिंगसाठी पूर्ण स्क्रीनऐवजी 1280 बाय 720 एवढाच चौकोन घ्या आणि एक्सेल 150 टक्क्यांवर मोठं करा. ओळ 30 पिक्सेलची झाली, आणि आडव्या फोनवर ती पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास दिसते. दुपटीहून मोठी. स्निपिंग टूलमध्ये विंडोज-शिफ्ट-आर दाबून हवा तेवढा चौकोन आखता येतो. ज्यांच्याकडे फोरके मॉनिटर आहे त्यांनी तर हे पाळायलाच हवं, कारण त्यांच्या 3840 बाय 2160 च्या पूर्ण स्क्रीनचं रेकॉर्डिंग फोनवर बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. टॅली किंवा ईआरपीसारख्या ऑफिसच्या प्रोग्राममध्ये जिथे झूम नीट होत नाही, तिथे विंडोज आणि अधिक ही बटणं एकत्र दाबली की मॅग्निफायर चालू होतो.

चौकोन लहान घेतला की एक फायदा आपोआप होतो. सगळे कॉलम एका वेळी दिसत नाहीत, त्यामुळे जो कॉलम समजवायचाय तिथेच तुम्ही थांबता. बघणाऱ्यालाही कुठे बघायचं ते शोधावं लागत नाही.

अक्षर मोठं करूनही पुसट येत असेल, तर पाठवण्याचा मार्ग तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते. साध्या क्वालिटीत ती 480 पी, म्हणजे 480 पिक्सेल उंचीची होते, एचडी निवडलं तर 720 पी. आधीच 20 पिक्सेलची असलेली ओळ 480 पी मध्ये नऊच पिक्सेल उरते, आणि मग 3, 6, 8 हे तिन्ही आकडे एकसारखे दिसायला लागतात. एका अकाउंटंटताईंनी अशाच व्हिडिओवरून बिलाची रक्कम टिपून घेतली होती आणि ताळा लागत नव्हता. त्यांच्या फोनवर तो व्हिडिओ थांबवून आम्ही दोघी बघत बसलो, तरी तो आकडा 6 आहे की 8 हे सांगता येईना. देवनागरीचं तर आणखी अवघड. शिरोरेषेच्या वरची वेलांटी, अनुस्वार, खालचा उकार हे सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं, म्हणून मराठी फॉर्म आणि मराठी मेनू इंग्रजीच्या आधी पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तसं केलं की फाइल जशीच्या तशी जाते आणि 2 जीबीपर्यंत चालते.

रंगांचंही भान ठेवा. व्हिडिओच्या नेहमीच्या साठवणीत उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती आडवी-उभी अर्धी करून, म्हणजे एक चतुर्थांश ठेवतात. पांढऱ्यावर काळं अक्षर ह्यात टिकतं. निळ्या पट्टीवर तांबडं अक्षर मात्र कडेला फुटतं. एक्सेलमध्ये चूक दाखवायला तांबड्या अक्षरांऐवजी फिकट पिवळी पार्श्वभूमी आणि काळं अक्षर ठेवा. झूमवर ‘व्हिडिओ क्लिपसाठी अनुकूल करा’ ह्या अर्थाची खूण फक्त क्लिप दाखवताना लावायची असते. तक्ता दाखवताना ती काढून टाका, नाहीतर हालचाल सफाईदार दिसण्यासाठी तुमची अक्षरं खर्ची पडतात.

‘काळी स्क्रीन आलीय’ आणि ‘तुम्ही काय उघडलंत ते दिसलंच नाही’

मॅकवर रेकॉर्डिंगमध्ये नुसता वॉलपेपर दिसतो आणि खिडक्या गायब असतात, तेव्हा परवानगी दिलेली नसते. 2019 च्या कॅटालिना ह्या आवृत्तीपासून मॅकवर प्रत्येक प्रोग्रामला स्क्रीन रेकॉर्डिंगची वेगळी परवानगी द्यावी लागते. ती प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये द्या आणि तो प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या विंडोज लॅपटॉपवर ओबीएसची ‘डिस्प्ले कॅप्चर’ काळी येणं हे जुनं दुखणं आहे. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएससाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडा, म्हणजे ज्या चिपवर तुमची स्क्रीन चालते तीच चिप ओबीएसही वापरेल.

विंडोजच्या गेम बारने रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तो एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी पकडतो. डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोअरर तो रेकॉर्ड करतच नाही. तुम्ही एक्सेलवरून पोर्टलवर गेलात तरी त्याच्या लेखी एक्सेलच चालू असतं. कुठेही एकच विंडो निवडून रेकॉर्ड करताना खाली उघडणारे मेनू आणि मध्येच येणाऱ्या सूचनांच्या चौकटी बऱ्याचदा येत नाहीत, कारण त्या वेगळ्या विंडो असतात. ‘इथे क्लिक करा, ही यादी उघडेल’ असं तुम्ही बोलता आणि बघणाऱ्याला यादी दिसतच नाही. दोन प्रोग्राममध्ये ये-जा असेल, तर विंडोऐवजी स्क्रीनचा चौकोन रेकॉर्ड करा.

फाइल उघडत नाही, फाइल जात नाही

आवाज येतो पण चित्र येत नाही, असं विंडोजवर झालं तर फाइल एचईव्हीसी ह्या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची असण्याची दाट शक्यता आहे. ते उघडायला विंडोजला वेगळी जोड लागते. ऑफिसमध्ये पाठवायच्या फाइल्स एच.264 मध्ये, एमपी4 म्हणूनच ठेवा. मध्येच लाइट गेली आणि एमपी4 अर्धवट राहिली, तर साध्या एमपी4 ची सूची शेवटी लिहिली जात असल्यामुळे अख्खी फाइल निकामी होते. ओबीएसमध्ये एमकेव्ही हा फाइलचा प्रकार निवडून ठेवला, तर लाइट जाईपर्यंतचं काम शाबूत राहतं. मग फाइल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’मधून तिचं एमपी4 करून घ्यायचं. ज्या भागात भारनियमनाचा भरवसा नाही तिथे मी हेच सांगते. झूमचं आपल्या मशीनवरचं रेकॉर्डिंग मीटिंग संपल्यावर रूपांतरित होतं. तेव्हा घाईने लॅपटॉप मिटला, तर व्हिडिओऐवजी ‘डबल क्लिक टू कन्व्हर्ट’ अशा नावाची फाइल उरते. घाबरू नका, तिच्यावर डबल क्लिक केलं की उरलेलं रूपांतर पूर्ण होतं.

फाइलचा आकार बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवली जाते ह्यावर ठरतो. 5 एमबीपीएसने केलेला 10 मिनिटांचा व्हिडिओ 375 एमबी होतो, 1 एमबीपीएसने 75 एमबी. जीमेलची जोडपत्राची मर्यादा 25 एमबी. तक्ता आणि फॉर्म दाखवायला सेकंदाला 60 फ्रेम लागत नाहीत, 15 पुरतात. आणि बोलणं हळूहळू चित्राच्या मागे पडत असेल, तर फाइलची फ्रेम-गती बदलती आहे. हँडब्रेक ह्या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये ती ‘कॉन्स्टंट’ करून मगच कापाकापी करा.

‘लिंक परवानगी मागतेय’

गूगल ड्राइव्हवर चढवलेली फाइल सुरुवातीला फक्त तुमचीच असते. ज्यांना पाठवायची त्यांचे ईमेल घालून परवानगी द्या. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हे सोपं वाटतं, पण ग्राहकाचे आकडे असतील तर मुळीच करू नका.

परवानगी दिल्यावरही अडत असेल, तर समोरच्याला विचारा: ‘फोनमध्ये आत्ता कुठलं जीमेल उघडं आहे?’ तुम्ही परवानगी दिलेली असते ऑफिसच्या ईमेलला, आणि त्यांच्या फोनवर चालू असतं घरचं खातं. कधीकधी मुलाचं. ड्राइव्हच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टॅप करून खातं बदललं की लिंक उघडते. नुकतीच चढवलेली फाइल ‘प्रोसेस होतेय’ असं म्हणत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर थोडा वेळ थांबा, नाहीतर डाउनलोड करून बघा, मूळ फाइल नीटच असते.

टीम्सवरची रेकॉर्डिंग्ज वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर जातात आणि कंपनीने बदललं नसेल तर 120 दिवसांनी मुदत संपून हटवली जातात. एप्रिलमध्ये दिलेलं प्रशिक्षण ऑक्टोबरात ऑडिटच्या वेळी शोधायला गेलं की ते नसतं. ठेवायचं असेल, तर मुदत तेव्हाच काढून टाका.

‘बघितला व्हिडिओ, पण नक्की करायचं काय?’

फाइल चालते, आवाज आहे, अक्षरं दिसतात, तरीही फोन येतो. इथे बिघाड व्हिडिओच्या रचनेत आहे, आणि हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समोरचा माणूस दहा वेगळ्या ग्राहकांचं काम करत असतो, मध्ये काउंटरवर गिऱ्हाईक येतं, त्याला तुमची दहा मिनिटं सलग मिळत नाहीत. त्याच्या वेळेची कदर करणं हे आपलं काम आहे.

व्हिडिओच्या आधी मजकूर जाऊ द्या. मी साधारण असा लिहिते: ‘सप्टेंबरच्या टू-बीमध्ये तीन बिलं दिसत नाहीत. तुम्ही पुरवठादाराला फोन करून त्यांनी जीएसटीआर-1 मध्ये (त्यांच्या विक्रीच्या विवरणपत्रात) ती टाकली का ते विचारायचं, 18 तारखेच्या आत. कुठली बिलं ते 0:40 ला, कशी शोधली ते 1:50 पासून.’ ज्याला नुसतं काम करायचंय त्याला व्हिडिओ उघडायचीही गरज पडत नाही. ज्याला कारण हवंय तो 1:50 ला जातो. मजकूर न लिहिता नुसता व्हिडिओ टाकणं म्हणजे शोधण्याचं ओझं समोरच्यावर टाकणं.

एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या. ‘आता आलेच आहे तर हेही दाखवते’ हा मोह आवरा. दुसऱ्या प्रश्नाचा दुसरा व्हिडिओ करा, कारण तो कदाचित दुसऱ्याच माणसाकडे जायचा असतो. तीन-चार मिनिटांच्या वर जात असेल, तर विषय फोनवर बोलण्याचा आहे का, हे आधी तपासा. चूक दाखवायची असेल तेव्हा तर मी फोनच करते. रेकॉर्डिंगमध्ये ‘हे तुम्ही चुकीचं केलंय’ हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकता येतं, साहेबांना पुढेही पाठवता येतं, आणि समोरच्याला आपली बाजू सांगायला जागा नसते.

बोलण्याआधी कर्सर तिथे न्या, थांबा, मग बोला. बोलता बोलता कर्सर गरगर फिरवण्याची सवय असते बऱ्याचजणांना, ती बघणाऱ्याला फार थकवते. आणि जे कॉपी करून चिकटवायचंय ते व्हिडिओत ठेवू नका. एक्सेलचा फॉर्म्युला, बिल नंबर, खाते क्रमांक, फोल्डरचा पत्ता हे सगळं मजकुरात द्या. व्हिडिओ थांबवून पंधरा अक्षरी जीएसटी नंबर टिपायला लावला, की एखादं अक्षर चुकलंच म्हणून समजा.

भाषेबद्दल एक आग्रह. पोर्टल इंग्रजी आहे म्हणून बोलणं इंग्रजीत हवं असं नाही. बटणाचं नाव इंग्रजीत जसं आहे तसं वाचा आणि बाकी सगळं समोरच्याशी रोज बोलता तसं मराठीत बोला. मी असं करायला लागल्यापासून उलट प्रश्न विचारणारे निरोप वाढले, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. आधी लोक न कळता गप्प बसत होते.

रेकॉर्डिंगमध्ये भलतंच दिसलं तर

रेकॉर्डिंग सुरू असताना कोपऱ्यात बँकेचा ओटीपी झळकतो, दुसऱ्या ग्राहकाच्या फाइलचं नाव टॅबवर दिसतं, ब्राउझर सेव्ह केलेला पासवर्ड सुचवतो. आधी सूचना बंद करा, रेकॉर्डिंगसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवा, ज्यात एकच टॅब उघडा असेल. फक्त पद्धत शिकवायची असेल तर टॅलीत खोट्या नावांची एक नमुना कंपनी तयार करून तीच वापरा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती सांभाळायची जबाबदारी ती हाताळणाऱ्यांवर टाकली आहे, आणि पगारपत्रकाचा व्हिडिओ ग्रुपवर गेला तर तो परत घेता येत नाही. असं काही दिसून गेलं असेल तर तो तुकडा धूसर करत बसू नका. पुन्हा रेकॉर्ड करा आणि जुनी फाइल ड्राइव्हच्या ट्रॅशमधूनही काढा.

जुने व्हिडिओ

हा बिघाड उशिरा कळतो, कारण व्हिडिओ उत्तम चालतो, फक्त त्यातली माहिती कालबाह्य झालेली असते. थ्री-बीचंच उदाहरण घ्या. आधी त्यात आपोआप भरून येणारी विक्रीवरच्या कराची रक्कम तिथल्या तिथे बदलता यायची. जुलै 2025 च्या कर-कालावधीपासून ती तशी बदलता येत नाही, दुरुस्ती जीएसटीआर-1ए ह्या वेगळ्या फॉर्ममधून करावी लागते. त्याआधी केलेला व्हिडिओ बघून नवा मुलगा ती चौकट उघडायचा प्रयत्न करत बसतो आणि पोर्टल बिघडलंय असं समजतो. फाइलच्या नावात विषय आणि महिना-वर्ष घाला: ‘थ्री-बी विक्री तपासणी, ऑगस्ट 2025’. व्हिडिओच्या पहिल्या वाक्यातही तारीख बोला, कारण फाइलचं नाव पुढे पाठवताना बदलतं. नवा व्हिडिओ केला की जुन्याच्या लिंकची परवानगी त्याच दिवशी काढा. कुणीतरी ‘लिंक उघडत नाही’ म्हणून विचारेल, तेव्हा त्याला नवी लिंक द्या.